अखेरचा श्वान

माझे मामा पाट्या रंगवतात. दातांच्या डॉक्टरांची पाटी त्यांची, बेकरीची त्यांची, कोर्टातली 'शांतता राखा' त्यांची आणि तिच्याखालची 'येथे थुंकू नये' हीदेखील त्यांचीच. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या हातून एक वेलांटी इकडची तिकडे झाली नव्हती. कोणी गुपित विचारलं तर म्हणायचे, "मी वाचतच नाही. कागदावरचं अक्षर बघायचं आणि पत्र्यावर उतरवायचं. वाचायला लागलं की माणूस विचार करतो, आणि विचार केला की हात हलतो."

गावात त्यांना सगळे पेंटरच म्हणत. मामीसुद्धा चारचौघांत 'आमचे पेंटर' म्हणायची. मी तेव्हा नर्सिंगचं शिकायला त्यांच्याकडे राहत होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

मामांना शाळेत ज्या सरांनी इतिहास शिकवला, त्यांनी त्यांना इतिहासातच दोनदा नापास केलं होतं. पण दोन्ही वेळा पेपरवर लाल शाईने 'उत्तर चूक, अक्षर सुंदर' असं लिहून एक गुण जास्तीचा दिला होता. मामा तो एक गुण आयुष्यभर विसरले नाहीत. सर निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी दुकानात येत, रंगाच्या उपड्या डब्यावर बसत आणि किल्ल्याविषयी बोलत. मामा ब्रश चालवत चालवत हो-हो म्हणत. त्यातलं त्यांना एक अक्षर कळत नसे, पण सरांना ते चालत होतं. शाळेतही तसंच होतं.

किल्ला म्हणजे गावाबाहेरच्या टेकडीवर उरलेल्या अडीच भिंती, माथा उडालेला एक बुरुज, एक कोरडी विहीर आणि एक दरवाजा. दरवाज्याच्या दोन्ही बाजूंची तटबंदी केव्हाच ढासळली होती, तरी येणारा-जाणारा प्रत्येक जण दरवाज्यातूनच जाई. बाजूने गेलं तर बरं दिसत नाही असं सगळ्यांना वाटे. किल्ल्याच्या गोष्टीही ठरलेल्या. विहिरीत खजिना आहे. बुरुजाखालून भुयार निघतं ते थेट नदीपलीकडे उघडतं, आणि प्रत्येकाचा कोणी ना कोणी काका त्यात अर्ध्यापर्यंत जाऊन आलेला आहे. वाऱ्याच्या दिवसांत राणी रडते. सरांना या गोष्टींचा मनस्वी तिटकारा होता. बारा वर्षं त्यांनी दफ्तरखान्यांतली जुनी कागदपत्रं चाळली आणि त्यातून किल्ल्याचा खरा इतिहास नऊ वाक्यांत लिहून काढला. नववं वाक्य त्यांचं विशेष लाडकं होतं. त्यावर त्यांनी तीन आठवडे घालवले होते:

'सात महिन्यांच्या वेढ्यानंतर, विजयाची आशा मावळली असता, याच बुरुजावर उभे राहून राजाने शांतपणे अखेरचा श्वास सोडला.'

किल्ल्याच्या खात्याने ती नऊ वाक्यं बुरुजाशी पाटीवर लावायचं ठरवलं आणि काम साहजिकच मामांकडे आलं.

आता नेमकं त्याच आठवड्यात गावात जनावरांचे एक नवे डॉक्टर आले. त्यांनाही पाटी हवी होती, आणि त्यांना कुत्रा हा शब्द हलका वाटत होता. 'श्वान लसीकरण, श्वान दंतचिकित्सा, श्वान केशकर्तन, श्वान वसतिगृह' असं करत करत त्या पाटीवर एकूण अकरा वेळा श्वान होतं. मामांनी दुपारपर्यंत अकरा श्वान काढले, ब्रश धुतला, जेवले आणि लगेच किल्ल्याची पाटी घेतली. आठ वाक्यं बिनचूक उतरली. नवव्यात 'श्वा'पर्यंत हात बरोबर आला आणि पुढे सवयीने गेला.

अनावरणाला खात्याचे साहेब आले, पडदा ओढला गेला, टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. पाटी कोणीच वाचली नाही. सर तर आलेच नव्हते. त्यांना दम्याचा त्रास होता आणि किल्ल्याला दोनशे दहा पायऱ्या. त्यांनी खाली रिक्षात बसून टाळ्या ऐकल्या आणि डोळे पुसत घरी गेले.

पाटी पहिल्यांदा वाचली ती आठ दिवसांनी, बाहेरगावच्या एका बाईंनी. त्या तरातरा पायऱ्या उतरल्या आणि तिकिटाच्या खिडकीशी आल्या. खिडकीत आमची मामी बसायची. तिनेही पाटी वाचलेली नव्हती. तिचे गुडघे तिला तिसऱ्या पायरीच्या वर जाऊ देत नसत.

"अहो, तो शेवटचा कुत्रा," बाई म्हणाल्या, "तो राजाने बुरुजावरून सोडला म्हणजे काय, खाली टाकला की काय?"

'मला माहीत नाही' हे शब्द मामीच्या तोंडून आजवर कोणी ऐकलेले नाहीत. सरकारी खिडकीत बसून असं म्हणणं म्हणजे सरकारची नाचक्की, असं तिचं मत होतं.

"छे हो, टाकेल कशाला," ती म्हणाली. "टोपलीत बसवून सोडला. दोरीने. अलगद."

"आणि शेवटचा म्हणजे? आधी बरेच होते?"

"एकेचाळीस."

"ते पण टोपलीतून?"

"मग काय, पायऱ्यांनी कसे जाणार? खाली शत्रू बसलेला."

"पण कशासाठी हो?"

इथे मामीला क्षणभर तिकिटांच्या गठ्ठ्याकडे बघावं लागलं. "मदतीची चिठ्ठी घेऊन," ती म्हणाली. "गळ्यात बांधून."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या पुन्हा तिकीट काढून वर गेल्या.

संध्याकाळी जेवताना मामी मामांना म्हणाली, "अहो, ते कुत्र्याचं लिहिणार होतात तर आधी सांगायचं ना. मी तिथे वेळेवर काय काय सांगू?"

"कुठल्या कुत्र्याचं?" मामा म्हणाले.

"शेवटच्या."

मामांचा घास हातातच राहिला. बराच वेळ त्यांनी हवेत बोटाने काहीतरी गिरवून पाहिलं. मग ताट सरकवून ते उठले आणि सरांनी दिलेला कागद शोधू लागले. कागद सापडला. कागदावर श्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते काळ्या रंगाचा छोटा डबा आणि तीन नंबरचा ब्रश घेऊन किल्ल्यावर गेले. 'न'चा 'स' करायला त्यांना दोन फटकारे पुरले असते. पण खात्याच्या परवानगीशिवाय इथे काही दुरुस्त करू नये, अशी पाटी शेजारीच आहे हे त्यांच्या लक्षात आलं. ती पाटी त्यांनीच रंगवलेली होती. म्हणून ते आधी साहेबांकडे गेले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पंखा एकने वाढवला. "पाटी तपासून घेतल्याची सही कोणाची आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमची," मामा म्हणाले.

"मग पाटीत चूक कशी असेल?"

तरी साहेबांनी मामांना दुरुस्तीचा अर्ज दिला. त्यात 'चूक कोणाची' असा एक रकाना होता आणि साहेबांनी तो आपल्या हाताने खोडून ठेवला होता. हा रकाना भरल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, असं मामांना बाहेर शिपायाने सांगितलं.

तोवर मामीची गोष्ट आपली वाढतच होती. रोज कोणीतरी काहीतरी विचारायचं आणि मामी सांगायची. चिठ्ठ्या नेणारे कुत्रे परत का आले नाहीत? कारण किल्ल्यात सात महिने उपास आणि खाली शत्रूच्या छावणीत मटण शिजतंय. तुम्ही आला असता का परत? असे एकेचाळीस कुत्रे फितूर झाले. छावणीत रात्रंदिवस भुंकाभुंकी. मग राजाने शेवटचा उरलेला, म्हातारा, जाडजूड कुत्रा टोपलीत बसवला. तो खाली उतरला, कोणाकडे न बघता थेट सेनापतीच्या तंबूत गेला आणि त्याच्या पलंगावर आडवा झाला. कोणाच्या बापालाही उठवेना. सेनापती तीन दिवस जमिनीवर झोपला. चौथ्या दिवशी त्याची कंबर धरली. पाचव्या दिवशी वेढा उठला.

"आणि कुत्रा?" लोक विचारत.

"पलंगासकट गेला," मामी म्हणायची.

लोक ऐकायला थांबू लागले. आधी माणसं वीस मिनिटांत किल्ला बघून निघून जात. आता खिडकीसमोर उभ्या उभ्या तासभर जाई. कोणी आपापले कुत्रे घेऊन येऊ लागले, त्यांना पाटीसमोर बसवून फोटो काढू लागले. गावातल्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई, ज्यांच्याकडे तीन कुत्रे होते, त्यांनी एक श्वानप्रेमी मंडळच काढलं. हे मंडळ दर शनिवारी बुरुजाखाली जमे आणि दोन मिनिटं शांत उभं राही. कुत्रे काही शांत राहत नसत, पण माणसं राहत.

मामांची मात्र झोप उडाली. अर्ज तसाच पडून होता. शेवटी एका शनिवारी ते अर्जबिर्ज बाजूला ठेवून डबा-ब्रश घेऊन वर गेले, आणि आपल्याच पाटीपुढे गुडघे टेकून बसले. ब्रश टेकवणार एवढ्यात मागून आवाज आला.

"काय चाललंय पेंटर?"

पोस्टमास्तरीणबाई होत्या. तिन्ही कुत्र्यांसह, मंडळासह.

"काही नाही बाई. चूक दुरुस्त करतोय."

"कुठली चूक?"

"हा श्वान. तो मुळात श्वास आहे."

बाईंनी पाटी पुन्हा वाचली. "श्वास कसा असेल?" त्या म्हणाल्या. "श्वास टोपलीत बसवता येतो का?"

मंडळातल्या एका गृहस्थांना हा मुद्दा फार पटला. दुसरे एक जण म्हणाले की कुत्र्याचं नाव इतिहासातून पुसायचा हा डाव आहे, आणि यामागे मांजरवाले असणार. मामांनी शपथ घेऊन सांगितलं की ते कोणाच्याच बाजूचे नाहीत. तेवढ्यात बाईंच्या सर्वांत धाकट्या कुत्र्याने तीन नंबरचा ब्रश तोंडात धरला आणि तो दोनशे दहा पायऱ्या उतरून गेला. मामा नुसता डबा घेऊन घरी आले.

या सगळ्यात सर दर रविवारी दुकानात येतच होते. किल्ल्यावर गर्दी होते हे त्यांच्या कानावर आलं होतं.

"लोक वाचताहेत रे, पेंटर," ते म्हणत. "चांगलं गद्य असलं की लोक वाचतात."

मामा रंग ढवळत राहत. एकदा तर ते रिकामा डबाच अर्धा तास ढवळत होते. मी मामांना म्हटलं, "सांगून टाका ना एकदा." ते म्हणाले, "अगं, तीन आठवडे घालवलेत त्यांनी त्या वाक्यावर. मी कुठल्या तोंडाने सांगू?" सरांना रस्त्यात लांबून बघितलं की ते आता वळून जात. एकदा वळायला जागा नव्हती म्हणून हातातली 'दुकान भाड्याने देणे आहे' ही पाटी तोंडासमोर धरून उभे राहिले. सरांनी पाटी वाचली, भाड्याची चौकशी करायला थांबले, आणि मामांना पाटीमागून आवाज बदलून बोलावं लागलं.

मग सरांना श्वानप्रेमी मंडळाचं पत्र आलं. 'किल्ला आणि अखेरचा श्वान' या विषयावर आपण बुरुजाखाली व्याख्यान द्यावे. सर ते पत्र घेऊन दुकानात आले तेव्हा हसून हसून त्यांना ठसका लागला.

"बघ, बघ," ते म्हणाले. "श्वान श्वान करून या मंडळींना आता धड श्वासही लिहिता येत नाही आणि चाललेत इतिहास ऐकायला. जाऊ दे, माणसं भाबडी आहेत. मी जाणार."

मामा म्हणाले, "सर, पायऱ्या फार आहेत."

"खुर्चीतून नेणार आहेत म्हणे मला. राजासारखं."

व्याख्यानाच्या दिवशी दोन गवंड्यांनी सरांना खुर्चीत बसवून वर नेलं. मामा मागोमाग, चेहरा चुन्यासारखा. त्यांनी सकाळीच पाटीवर एक चादर टाकून ठेवली होती, वाळवीचं औषध मारलंय असं सांगून. पाटी पत्र्याची होती, पण कोणी शंका घेतली नाही. समोर साठ-सत्तर माणसं आणि तीसेक कुत्रे. मामीसुद्धा आली होती, एकेका पायरीवर बसत बसत, दीड तासात.

सरांची शिकवायची एक जुनी तऱ्हा होती. ज्याविषयी बोलायचं त्याचं नाव ते कधी घेत नसत. मुलांनी ओळखलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

"आज मी फक्त त्याच्याविषयी बोलणार आहे," सरांनी सुरुवात केली. "त्याचं नाव घ्यायची गरज नाही. तुम्ही सगळे त्याच्यासाठीच इथे आला आहात."

लोकांनी माना हलवल्या.

"राजा जन्मला तेव्हापासून तो त्याच्या सोबत होता. राजा जागा असताना तो होता, राजा झोपला तरी तो जागाच. आणि राजाने त्याच्याकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. आपण तरी कुठे पाहतो?"

पोस्टमास्तरीणबाईंनी आपल्या तिन्ही कुत्र्यांना जवळ ओढलं.

"रणात राजा धावला की तो धावे. राजा घाबरला की तो अडखळे. वेढ्याच्या सात महिन्यांत तो कितीदा तरी कोंडला गेला. कितीदा अडकला. पण त्याने राजाची साथ सोडली नाही. आणि शेवटी, मंडळी, राजानेच त्याला सोडलं. तो गेला, आणि पुन्हा आत आला नाही."

समोर पहिल्या दोन रांगा उघड रडत होत्या. एका मोठ्या काळ्या कुत्र्याने मान वर करून लांब सूर लावला आणि बाकीच्यांनी त्याला साथ दिली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत सरांच्या तासाला कोणी रडलं नव्हतं, निदान इतिहासासाठी तरी. ते समाधानाने खाली बसले.

मामी पदराने डोळे पुसत मामांना म्हणाली, "पलंगाचं राहिलं, पण बोलले छान."

मग प्रश्न सुरू झाले. "सर, त्याचा रंग कोणता होता?" कोणीतरी विचारलं.

"रंग?" सर म्हणाले. "त्याला कुठला रंग? थंडीत पाहिलं तर पांढुरका दिसतो एवढंच."

"पांढुरका," मंडळाच्या चिटणिसांनी लिहून घेतलं.

"आणि त्याच्यावर औषधोपचार?"

"तो लागला की गूळ-आल्याचा काढा देत," सर जरा गोंधळून म्हणाले. "मीही तोच घेतो."

एवढ्यात पोस्टमास्तरीणबाईंचा तोच धाकटा कुत्रा पुढे आला आणि त्याने चादरीचं टोक पकडलं. चादर गेली. सर खुर्चीतून उठले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपली पाटी वाचू लागले. पहिलं वाक्य, दुसरं, तिसरं. मामा तिथेच उभे होते. त्यांनी मला नंतर सांगितलं की आठव्या वाक्याशी आपले कान बंद झाले.

नवव्यापाशी सर थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. समोर बसलेल्या तीस कुत्र्यांकडे एकदा नजर फिरवली.

"सर, माझ्या हातून झालं," मामा म्हणाले. "जनावरांच्या डॉक्टरांची पाटी होती त्या दिवशी."

गवंड्यांना खूण करून सर खुर्चीत बसले आणि खाली गेले.

पुढचे तीन रविवार ते दुकानात आले नाहीत. मामांनी त्या तीन आठवड्यांत फक्त एक पाटी केली, 'रस्ता बंद आहे' अशी, आणि तीसुद्धा चार वेळा वाचून.

चौथ्या रविवारी सर आले आणि नेहमीच्या डब्यावर बसले. मामांनी चहा पुढे केला.

"अरे," सर म्हणाले, "तो राजा त्या बुरुजावर मेलाच नाही."

मामांच्या हातातला ब्रश पडला.

"बारा वर्षांत मला त्याच्या मरणाविषयी एकच ओळ सापडली. वेढा कसा उठला ते कोणी लिहिलेलंच नाही. राजा पुढच्या हिवाळ्यात खाली मळ्यावर पडशाने गेला. पडशाने. आता पाटीवर काय लिहायचं, राजा शिंकत गेला? मला ते बरं वाटेना. म्हणून मी त्याला बुरुजावर चढवला."

"तुम्ही, सर?"

"मीच. शांतपणेसुद्धा माझंच. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा इतिहासात खोटं लिहिलं, आणि तू त्यात कुत्रा घातलास." ते चहा पिऊ लागले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. आधी मामांना वाटलं दमा उठला, म्हणून त्यांनी मला हाक मारली. मी धावत गेले तर सर हसत होते. "त्याला काढा देत, असं म्हणालो मी," ते म्हणत होते. "काढा." मग मामाही हसायला लागले, आणि आत मामी विचारू लागली की मेलं काय झालंय तरी काय.

त्या दुपारी दोघांनी बसून नवा मजकूर केला. सरांनी लिहिलं, मामांनी प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घेतला. आठ वाक्यं तीच राहिली. नवव्याच्या जागी असं आलं: 'वेढा कसा उठला याची नोंद नाही. राजा पुढे पडशाने वारला. कुत्र्याविषयीची चौकशी तिकीट खिडकीवर करावी.'

साहेबांना 'नोंद नाही' हे शब्द फार खटकले. खात्याच्या पाटीवर ते शोभत नाहीत, असं ते म्हणाले. पण अर्जातला तो खोडलेला रकाना भरायला आता दोघेही तयार होते. सरांनी 'चूक कोणाची' याच्यापुढे आपलं नाव घातलं, मामांनी ते खोडून आपलं घातलं, आणि वाचता येईनासं झालेलं ते पान साहेबांनी समाधानाने फाइलला लावलं. श्वानप्रेमी मंडळाचीही हरकत नव्हती. पडशाने वारला म्हणजे कुत्रा गेल्यावर उघड्यावर वाट बघत बसला असणार, असं पोस्टमास्तरीणबाईंनी लगेच ओळखलं. मामीने ते त्याच संध्याकाळपासून गोष्टीत घेतलं.

आता शनिवारी सर तिकिटाच्या खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसतात. मामी गोष्ट सांगते आणि ते मधून मधून सनावळ्या सांगतात. परवा मी गेले तेव्हा दोघांचा वाद चालला होता. एकेचाळीस कुत्रे टोपलीतून उतरवायचे तर त्या काळात तेवढा लांब दोर कशाचा करत, असं एका पाहुण्याने विचारलं होतं. सर म्हणत होते अंबाडीचा, मामी म्हणत होती राणीच्या साड्यांचा. पाहुणा दोघांचंही वहीत लिहून घेत होता. मामा बाजूला उभे राहून खिडकीची चौकट रंगवत होते, आणि ऐकत होते.